तापलेल्या इंजिनाची कैफियत

होळी पेटून गेली की गोदावरीच्या उत्तर तीरावरील आमच्या घनसावंगी तालुक्यात उन्हाचा जो अंमल बसतो, तो मृगाचा पाऊस पडेपर्यंत ढळत नाही. आणि या सबंध मुदतीत कुंभार पिंपळगावातील माझ्या गॅरेजसमोर बोनेट उघडे टाकलेल्या, पुढील जाळीतून वाफ सोडणाऱ्या गाड्या येऊन उभ्या राहतात. त्यांत तीर्थपुरी, अंबड, परतूर या बाजूंना प्रवासी नेणाऱ्या काळीपिवळी जीपगाड्या असतात, मोसंबीचे कॅरेट लादलेले पिकअप असतात, पुण्याहून गावी आलेल्या कुटुंबांच्या मोटारी असतात, आणि उसाच्या हंगामातील शेवटच्या खेपा टाकून परतलेला एखादा ट्रॅक्टरही असतो. यांतला प्रत्येक मालक उन्हाकडे बोट दाखवितो. माझे मत मात्र अनुभवान्ती निराळे झाले आहे. निर्दोष गाडी बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हातही काटा मध्यावरून हलू देत नाही, कारण तिची रचना करणाऱ्यांनी तेवढी सवड आधीच राखून ठेवलेली असते. रेडिएटरच्या काही नळ्या क्षारांनी बुजल्या असल्या तरी पौष-माघात गाडीची काही तक्रार नसते. थंड हवा ती उणीव भरून काढते, आणि चैत्र लागताच तीच उणीव चारचौघांत उघडी पडते.

ही सवड मुळात कशाकरिता लागते, हे ध्यानात घेतल्याखेरीज तपासाला दिशा मिळत नाही. इंधन जळून जी उष्णता निर्माण होते तिचा स्थूलमानाने एक तृतीयांश भागच प्रत्यक्ष गती देण्याच्या कामी येतो; जवळजवळ तितकाच धुराबरोबर निघून जातो; आणि राहिलेला भाग इंजिनाच्या धातूत शिरतो, तो तेथून उचलून वाऱ्याच्या स्वाधीन करण्याचे काम मुख्यतः पाण्याने करावयाचे असते. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरातील वायूंचे तापमान दोन हजार अंशांच्या वर जाते, आणि आजच्या बहुतेक गाड्यांत त्यांना थोपवून धरणारा हेड ज्या अॅल्युमिनियमचा असतो ते ६६० अंशांच्या आसपास वितळते; या दोन आकड्यांमधले अंतर केवळ वाहत्या पाण्याने सांभाळलेले असते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. कार्ल बेंझ यांच्या १८८६ सालच्या तीनचाकी गाडीत पाणी उकळून वाफ होऊन उडून जात असे आणि वाटेत पुन्हापुन्हा भरावे लागे. पुढे १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारख्या घरांचा रेडिएटर बनविला आणि थोडेसे पाणी फिरवून फिरवून तेच पुन्हा वापरण्याची सोय परिपूर्णतेला पोहोचली. आमच्यासारख्या अवर्षणाच्या मुलुखात मोटार नांदू शकली ती या सोयीमुळे, आणि म्हणूनच त्या थोड्याशा पाण्याची हेळसांड झालेली मला पाहवत नाही.

पंपाने ढकललेले पाणी ब्लॉकमधून हेडमध्ये चढते, थर्मोस्टॅटच्या दारातून वरच्या होजने रेडिएटरात उतरते, तेथे वाऱ्याला उष्णता देऊन खालच्या होजने पुन्हा पंपाकडे येते. एवढाच हा मार्ग. पण त्यात बिघडण्याच्या जागा अनेक, आणि सगळ्यांचे बाह्य लक्षण एकच, की काटा लाल रेघेकडे जातो. जालन्यात ज्यांच्या हाताखाली मी उमेदवारी केली त्या उस्तादांचा दंडक असा होता की, ड्रायव्हरची कैफियत पुरती ऐकून होईपर्यंत पान्याला हात लावावयाचा नाही. ‘गाडी किती तापते’ हे सांगण्याची लोकांना उत्सुकता असते; उस्ताद विचारीत ते ‘केव्हा तापते’. उभी असताना की पळताना? रिकामी असताना की भरलेली? सकाळी चालू केल्याबरोबर की तासाभराने? पाणी घटते की तितकेच राहते? उत्तरे नीट मिळाली तर साधारण निम्मे निदान बोनेट उघडण्यापूर्वीच झालेले असते. याचे कारण असे की, वेगाने धावणाऱ्या गाडीला समोरचा वारा फुकट मिळतो, त्यामुळे तिथे पंख्याचा दोष झाकला जातो, परंतु इंजिनावरील भार वाढल्याने पाण्याच्या प्रवाहातील अडथळा उघड होतो. उभ्या गाडीत याच्या नेमके उलट, उष्णता थोडी पण वारा मुळीच नाही, म्हणून सारा भरवसा पंख्यावर.

जांब समर्थ आमच्या शेजारचेच गाव. समर्थ रामदासांचा जन्म तेथे १६०८ साली झाला, आणि रामनवमीला तिथे जी गर्दी लोटते तिच्यातून वाट काढणाऱ्या गाड्यांना तासन्तास पहिल्या गिअरमध्ये सरकावे लागते. अशाच एका उत्सवानंतर जीप चालविणारे एक मामा आले. ते आल्या आल्याच म्हणाले, “उस्ताद, रेडिएटर नवं टाका. लय हीट मारायली.”

“परतूरच्या रस्त्याला काय करती?”

“तिकडं काटा हालत नाय. जत्रंत अडकलो की चढायलाय.”

मला आणखी काही विचारावेसे वाटले नाही. इंजिन चांगले तापवून बंद केले आणि पंख्याच्या पात्याला हाताने ढकलले. तो मोकळा गरगरत राहिला. त्या जीपच्या पंख्यामध्ये व्हिस्कस कपलिंग असते. त्यातील सिलिकॉनचे तेल तापलेल्या हवेत पंख्याला जखडून धरते आणि हवा थंड असली की मोकळे सोडते. तेल गळून गेले होते. त्याचा काळा ओघळ कपलिंगच्या मध्यापासून कडेपर्यंत धुळीने माखून वाळला होता. त्यातून पंख्याभोवतीचे प्लॅस्टिकचे कडे पूर्वीच्या कोण्या कामात काढले गेले होते आणि परत बसविले नव्हते, त्यामुळे पंखा रेडिएटरातून हवा ओढण्याऐवजी बाजूचीच गरम हवा घुसळीत होता. मामा नव्या रेडिएटरचे पैसे घेऊन आले होते. कपलिंग आणि कडे एवढेच घालून, उरलेले पैसे त्यांच्या हातात परत देताना मला जे समाधान वाटले, त्याच्या बळावर या धंद्यातील कित्येक कंटाळवाणी कामे निभावली जातात.

याच्या उलट जातीचे उदाहरण पुण्याहून सुटीला आलेल्या एका मोटारीचे. गावात दिवसभर फिरली तरी काही नाही. जालन्याच्या रस्त्याला ताशी ऐंशीच्या वर गेली की काटा चढावयाचा, आणि थांबून बोनेट उघडावे तो सर्व यथास्थित. पंखा फिरतो, पाणी पूर्ण, बेल्ट ताठ. थर्मोस्टॅट बदलून झाला होता, पंप बदलून झाला होता, रेडिएटर धुऊन झाला होता, आणि मालक आता गाडीच विकण्याच्या विचाराला आले होते. मी त्यांच्या चिरंजीवांना आत बसवून इंजिनाचे फेरे हळूहळू वाढवायला सांगितले आणि स्वतः विजेरी घेऊन खालच्या होजकडे पाहत राहिलो. एका विशिष्ट गतीला पंपाच्या शोषणाने तो होज दोन्ही बाजूंनी आत ओढला जाऊन चपटा झाला. पायाचा दाब सुटताच पुन्हा गोल. या होजच्या आत त्याला चपटे होऊ न देणारी तारेची स्प्रिंग असते. ती गंजून तुकडे झाली होती आणि जुने रबर मऊ पडले होते. म्हणजे इंजिनाला पाण्याची गरज सर्वाधिक असे त्याच वेळी पाण्याची वाट बंद होई, आणि तपासासाठी गाडी थांबविली की पुरावाच नाहीसा होई. ज्यांनी आधी तपासले ते अडाणी नव्हते. त्यांनी ती उभ्या अवस्थेत तपासली, एवढेच. दोष ज्या परिस्थितीत प्रकट होतो ती परिस्थिती पुन्हा निर्माण करणे हाच तपासाचा गाभा आहे, आणि त्याला वेळ द्यावा लागतो, जो गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि ज्याचे बिल मागता येत नाही.

या झाल्या विशेष गोष्टी. आमच्या भागातील तापणाऱ्या गाड्यांचा सर्वांत मोठा वाटा मात्र याहून साध्या कारणाचा असतो, आणि ते कारण म्हणजे खुद्द पाणी. आमच्या पायाखाली काळ्या पाषाणाचे थर आहेत. बोअरचे पाणी त्या खडकांच्या भेगांतून मुरत येते ते चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेऊनच. हे पाणी तापले की क्षार वेगळे होऊन धातूला चिकटतात. रेडिएटरच्या नळ्या मुळात अरुंद आणि चपट्या असतात. त्यांच्या आत पांढुरक्या खडूसारखा पापुद्रा बसला की पाण्याची वाट तर कमी होतेच, शिवाय हा थर उष्णतेला इतका प्रतिकूल असतो की, वाट अर्धी मोकळी असूनही उष्णता धातूपर्यंत पोहोचत नाही. पितळी टाक्यांचे आणि तांब्याच्या नळ्यांचे जुने रेडिएटर खोलून, प्रत्येक नळीतून पातळ पट्टी फिरवून, झाळून पुन्हा बंद करता येत. आताच्या अॅल्युमिनियमच्या रेडिएटरला प्लॅस्टिकच्या टाक्या दाबून बसविलेल्या असतात, त्यांना ही शुश्रूषा फारशी मानवत नाही.

पैठणच्या जायकवाडीचा डावा कालवा आमच्या तालुक्यातून पुढे जातो, त्यामुळे काही ड्रायव्हर कालव्याचे पाणी मऊ म्हणून मुद्दाम भरून आणतात. ते मऊ असते हे खरे. परंतु त्यातील गाळ ब्लॉकच्या तळाशी, शेवटच्या सिलिंडरभोवती, जिथे प्रवाह मंद असतो तिथे बसतो, आणि मग रेडिएटर नवा घातला तरी तो एक सिलिंडर तापतच राहतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील गावेच्या गावे टँकरवर होती. त्या वर्षी रेडिएटरात कोणते पाणी घातले, हा प्रश्न मी कोणाला विचारला नाही. घरी प्यायला हंडा भरत नसताना माणसाने गाडीसाठी चांगले पाणी कोठून आणावे? पण त्या वर्षाचा हिशेब पुढच्या दोन उन्हाळ्यांत मी रेडिएटरांच्या पोटात पाहिला आहे. हल्ली गावोगाव फिल्टरच्या पाण्याचे जार मिळतात. ते बोअरच्या पाण्याहून पुष्कळ बरे. त्याहूनही उत्तम म्हणजे बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणि त्यात कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट.

कूलंट म्हणजे थंडीत पाणी गोठू नये म्हणून घालावयाचे औषध, आमच्या मुलुखात त्याचे काय काम, असा समज फार रूढ आहे. गोठण्याचा प्रश्न आमच्याकडे नाही हे कबूल. तथापि त्यातील गंजरोधक द्रव्ये अॅल्युमिनियम, लोखंड आणि पंपाची सील यांचे रक्षण करतात, आणि ती द्रव्ये काही वर्षांत क्षीण होतात म्हणून ते मुदतीत बदलावे लागते. याच ओघात एक बाब निक्षून सांगावीशी वाटते. बहुतेक कूलंटात असणारे एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेल्यास प्राणघातक असते. गॅरेजच्या अंगणात ते सांडू दिले तर कुत्री आणि शेळ्या ते चाटतात. माझ्याकडील पोरांना मी पहिल्याच दिवशी शिकवितो की, जुने कूलंट कॅनमध्ये काढायचे, झाकण लावायचे आणि सांडलेल्यावर माती टाकून ती उचलायची.

गळक्या रेडिएटरात हळद टाकण्याचा रिवाज जुना आहे, आणि आडरानात अडकलेल्या माणसाला तो घरी पोहोचवितो, हे मी नाकारीत नाही. घरी पोहोचल्यावर मात्र ती हळद काढावयाची असते. ती तशीच राहते, छिद्राबरोबर शेजारच्या नळ्याही बुजविते, आणि पुढच्या वर्षी गाडी निराळ्या तक्रारीने माझ्या दारात येते.

थर्मोस्टॅटच्या बाबतीत आमच्याकडे जी चाल पडली आहे तिच्याशी मी कधीही समेट केलेला नाही. गाडी तापली की तो काढून फेकून द्यावयाचा, ‘गरम देशात याची गरज काय’ असे म्हणावयाचे, आणि गिऱ्हाईकही खूश. वस्तुतः मेणाच्या गोळीवर चालणारे हे दार साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडू लागते, आणि तोवर पाण्याला इंजिनातच फिरवून ते लवकर कामाच्या तापमानाला आणते. दार नसले तर इंजिन, विशेषतः हिवाळ्यातील पहाटे, दीर्घकाळ थंड राहते. तेल घट्ट राहते, इंधन भिंतींवरचे तेल धुऊन खालच्या तेलात उतरते, सिलिंडर झिजतात, आणि डिझेल जास्त जाते. काही इंजिनांत तर हे दार उघडताना आडमार्गही बंद करीत असते. ते काढून टाकले म्हणजे गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरला न जाता आडमार्गानेच इंजिनात परततो आणि गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापते. थर्मोस्टॅट धड आहे की नाही याची खातरजमा करायला काहीही अवघड नाही. पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगावा, शेजारी तापमापक धरावे आणि शेगडी पेटवावी. अंगावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडला तर निर्दोष. गिऱ्हाइकासमोर हा प्रयोग करावा. ज्याने ते दार एकदा हळूहळू उघडताना पाहिले, तो ते काढून टाकण्याचा आग्रह पुन्हा धरीत नाही.

रेडिएटरच्या टोपीला लोक केवळ झाकण समजतात. घरातील कुकरच्या शिट्टीचे जे काम तेच तिचे: आतला दाब ठराविक मर्यादेपर्यंत टिकवून धरणे. सुमारे ०.९ किलोच्या टोपीखाली पाणी ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. तिचे रबर तडकले की दाब टिकत नाही, आणि दोष कुठेही नसता पाणी शंभरच्या आधीच उकळू लागते, कारण आमच्या पठारावर हवेचा दाबही समुद्रकाठच्याहून कमी. अत्यल्प किमतीची ही वस्तू मी संशय आला की बदलतो. आणि तापलेल्या गाडीची टोपी कोणी घाईने फिरवू लागला तर त्याचा हात मी धरतो, तो वयाने केवढाही मोठा असो. दाब सुटताक्षणी आतील सर्व पाणी उकळून कारंज्यासारखे वर येते. चेहरे आणि छात्या भाजलेली माणसे मी पाहिली आहेत.

सर्वांत कठीण प्रसंग ब्लॉक आणि हेड यांच्यामधील सांधा बंद ठेवणाऱ्या हेड गॅस्केटचा. थंड इंजिन चालू करताच एक-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक व्हावा, टोपी काढून ठेवलेल्या रेडिएटरात संथपणे बुडबुडे येत राहावेत, बाहेर कोठेही गळती नसता पाणी घटावे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघावा किंवा तेल दुधाळ व्हावे, ही त्याची लक्षणे. सगळी एकदम दिसतातच असे नाही, पहिली दोन पुरेशी असतात. अॅल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून बिडाच्या ब्लॉकवर बोल्टांनी जखडलेला अॅल्युमिनियमचा हेड अति तापला की पसरायला जागा न मिळून वाकतो. मग तो उतरवून, सरळ पट्टी लावून, खालून फीलर गेज सरकवून वाक मोजावयाचा आणि जालन्याला फेसिंगसाठी पाठवावयाचा. मालक बहुधा शेतकरी असतो, गाडीचे हप्ते चालू असतात, आणि तो विचारतो, “एवढा हंगाम काढून देती का?” खोटे आश्वासन देण्याचा मोह अशा वेळी फार होतो, कारण समोरच्याची निकड खरी असते. मी त्याला आकड्यांत सांगतो: आज गॅस्केट आणि फेसिंगचा खर्च एवढा, तसेच चालवून हेडला चीर गेली तर एवढा, पिस्टन धरून इंजिन सीज झाले तर एवढा. निर्णय त्याचा. बहुतेक जण गाडी ठेवून जातात.

हे नुकसान प्रायः शेवटच्या थोड्या किलोमीटरांत झालेले असते, ‘गाव आलेच आहे’ म्हणून गाडी तशीच दामटल्यामुळे. आणि त्यात एक फसगत अशी असते की, तिच्याविषयी ड्रायव्हरांना सांगून ठेवणे मी माझे कर्तव्य मानतो. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. होज फुटून पाणी निघून गेले की तो कोरडा पडतो, आणि लाल रेघेकडे गेलेला काटा आपोआप खाली येऊ लागतो. ड्रायव्हर समजतो की गाडी निवळली, आणि ॲक्सिलरेटर आणखी दाबतो. अशा वेळी हीटर चालू करून पाहावा. गरम झोत आला तर पाणी आहे, आणि तो झोत इंजिनाची थोडी उष्णता बाहेरही काढील. थंड हवा आली तर पाणी संपले आहे, त्याच जागी इंजिन बंद करावे. मग निदान अर्धा तास बोनेट उघडे ठेवून थांबावे, आणि तापलेल्या ब्लॉकवर थंड पाणी कदापि ओतू नये, कारण चिरा जातात त्या नेमक्या तेव्हा. राजाटाकळीकडून मृग बहाराची मोसंबी घेऊन निघालेल्या एका तरुणाचा काटा मागे असाच चढून एकाएकी खाली आला, तेव्हा त्याने हीटरपुढे हात धरून पाहिला, गाडी बाभळीच्या सावलीला लावली आणि मला फोन केला. वरचा होज क्लिपपाशी उभा चिरला होता. हेड सरळ निघाला, बुडबुडे नव्हते. होज आणि क्लिप नवी घातली, कूलंट भरले, हवा काढली, आणि माल त्याच रात्री जालन्याच्या मोंढ्यात उतरला.